जमील, खालिद

जमील, खालिद : (२१ एप्रिल १९७७ – ). भारतीय फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती. मिझोरमच्या आयझॉल एफसी या क्लबला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. आय-लीग ही त्या वेळी देशाची अव्वल साखळी स्पर्धा होती आणि ईशान्य भारतातल्या एखाद्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या आदल्याच हंगामात हा क्लब लीगमधून बाहेर पडला होता. जमील यांची कारकीर्द मोठी असली, तरी या नोंदीचा भर त्या एका हंगामावर आहे.

जमील यांचा जन्म कुवेतचा. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आले आणि खालिद मुंबईच्या मैदानांवर वाढले. मधल्या फळीत खेळणारे जमील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी अशा शहरातल्याच संघांकडून खेळले. भारताचेही प्रतिनिधित्व केले. मुंबईत फुटबॉल तेव्हा नोकरीच्या आधाराने जगत असे. कंपनीचा संघ, कंपनीचा पगार आणि कूपरेज मैदानावर मोजके प्रेक्षक. दुखापतींनी खेळ लवकर थांबला आणि २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे मुख्य प्रशिक्षक झाले. वय अवघे ३२.

पुढची सात वर्षे ते त्याच खुर्चीत होते. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला सात महिने मिळाले तरी पुष्कळ, हे लक्षात घेतले तर हा काळ असाधारण आहे. या काळात मुंबई एफसीने एकही मोठी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली नाही. पण क्लब एकदाही लीगमधून घसरला नाही. बंगाल आणि गोव्याच्या क्लबांच्या तुलनेत खिसा रिकामा, परदेशी खेळाडू परवडतील तेवढेच आणि प्रत्येक हंगामाअखेरीस तळाच्या दोन-तीन जागांची टांगती तलवार. अशा संघाला एक-एक गुण जमवत काठावर आणण्याचे काम जमील यांनी सात वेळा केले. बचावातली शिस्त, दोन फळ्यांमधले कमी अंतर, चेंडू हिसकावला की थेट पुढे धाव आणि कॉर्नर-फ्री किकवर घोटवून घेतलेल्या चाली ही त्यांची पद्धत इथेच तयार झाली. तिला कंटाळवाणी म्हणणारे मुंबईत कमी नव्हते. २०१६ मध्ये क्लबने त्यांच्याशी असलेले नाते संपवले.

आयझॉल एफसीची स्थापना १९८४ ची, पण राष्ट्रीय पातळीवर क्लबची ओळख अगदी अलीकडची. मिझोरमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाखांच्या आत, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तरी इथल्या फुटबॉलची घडी शिस्तशीर आहे. २०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली आणि स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने घरोघरी पोचवले. २०१४ मध्ये राज्याच्या संघाने अंतिम सामन्यात रेल्वेला ३-० ने हरवून संतोष ट्रॉफी जिंकली. त्याआधी मिझो मुले गुणी ठरली की राज्याबाहेरच्या क्लबांकडे जात. शायलो मालसोमत्लुआंगा आणि पुढे जेजे लालपेखलुआ हे त्या वाटेने गेलेले. मुलांना घरीच थांबवून लीग खेळता येईल, हा विचार क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयटे यांच्या काळात प्रत्यक्षात आला. आयझॉल २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये दाखल झाला.

पहिलाच हंगाम वाईट गेला. नऊ संघांत आयझॉल आठवा आला. नववा, म्हणजे तळाचा संघ होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण कॉर्पोरेट गटातून थेट प्रवेश घेतलेल्या पुण्याच्या या संघाला सुरुवातीची काही वर्षे रेलिगेशनपासून अभय होते. त्यामुळे शेवटचा राहिला आणि त्याच्या वरचा बाहेर गेला. नियम आधीच ठरलेला होता, तेव्हा तक्रारीला कायद्याचा आधार नव्हता. पण मैदानावर जे कमावले त्याच्याशी लीगमधल्या स्थानाचा संबंध सुटत चालल्याची ती स्पष्ट खूण होती. बाहेर पडत असतानाच आयझॉलने फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली हेही नोंदवायला हवे. गुवाहाटीत कोलकात्याच्या मोहन बागानने तिथे त्यांचा ०-५ असा धुव्वा उडवला.

परतीचा दरवाजा उघडला तो गोव्यातल्या घडामोडींमुळे. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) अव्वल स्थान देऊन आय-लीगला दुय्यम ठरवण्याचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा २०१६ मध्ये पुढे आला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी लीग सोडली. दुसऱ्या विभागातून वर येण्याचा हक्क मिळवलेल्या धेंपो क्लबनेही पाठ फिरवली. ज्या धेंपोने प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तोच क्लब बाहेर पडल्यावर लीगचे वजन किती उरले हे वेगळे सांगायला नको. संघांची संख्या भरून काढण्यासाठी महासंघाने आयझॉलला पुन्हा आत घेतले.

हंगाम तोंडावर असताना जमील यांनी आयझॉलची सूत्रे हाती घेतली. मुंबईहून त्यांनी आपल्या ओळखीची माणसे आणली. उजव्या बगलेचा आशुतोष मेहता आणि मधल्या फळीतला जयेश राणे हे दोघे मुंबई एफसीचे. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मध्यभागी सीरियाचा महमूद अल आम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, बचावात नायजेरियाचा किंग्जली ओबुमनेमे, आघाडीला आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकीचा संघ मिझो मुलांचा : झोमिंगलियाना राल्टे, लालरुआथारा, लालराम चुलोवा, ब्रँडन वानलालरेमदिका, लालदानमाविया राल्टे. संघाचा वर्षाचा खर्च दोन कोटींच्या आसपास असल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले होते. बंगळुरू एफसी किंवा कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन बड्या क्लबांच्या पुढे ही रक्कम किरकोळ होती.

या जुळणीत अल आम्नाचे महत्त्व फार मोठे होते. जमील यांच्या मुंबईच्या संघात बचाव असे, धावपळ असे. पण चेंडू पायाशी ठेवून दोन क्षण थांबणारा, सगळ्यांना श्वास घेऊ देणारा माणूस नसे. तो इथे मिळाला. मिझो खेळाडूंचा मूळ स्वभाव वेगाचा आणि आखूड पासचा. तो वेग, मुंबईची बचावाची शिस्त आणि मध्ये अल आम्ना, अशी ही मांडणी होती. जोडीला आयझॉलचे घरचे मैदान. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, डोंगराच्या धारेवर वसलेले. राजीव गांधी स्टेडियममध्ये कृत्रिम हिरवळ आणि भरगच्च प्रेक्षक. बाहेरून येणाऱ्या संघांना हे तिन्ही जड जात.

हंगामाची सुरुवात बारासातला ईस्ट बंगालविरुद्ध १-१ अशा बरोबरीने झाली. पुढे निकाल येत गेले, पण ‘हे किती दिवस टिकणार’ हा प्रश्न मार्चपर्यंत चालूच राहिला. शेवटचे दोन सामने उरले तेव्हा आयझॉल आणि मोहन बागान दोघांचे ३३-३३ गुण होते आणि २२ एप्रिल २०१७ ला दोघांची गाठ आयझॉललाच पडली. बागानच्या संघात जेजे होता, म्हणजे मिझोरमचा सर्वांत नावाजलेला खेळाडू पाहुण्यांच्या बाजूने. ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टे याने हेडरने एकमेव गोल केला. बागान १-० ने हरले.

आता शेवटच्या सामन्यात एक गुण पुरेसा होता. ३० एप्रिलला शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर शिलाँग लाजाँगशी सामना. मिझोरमहून रस्त्याने मोठ्या संख्येने लोक आले होते. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडा डिकाने गोल केला. ११ गोलांसह त्या हंगामात सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर आहेत, तेव्हा त्यात नवल नव्हते. पण त्याच वेळी कोलकात्यात रवींद्र सरोवर मैदानावर बागानची गाठ चेन्नई सिटीशी होती. आयझॉल हरले आणि बागान जिंकले, तर चषक कोलकात्याला. जवळपास तासभर हे गणित आयझॉलच्या उरावर बसून होते. संघ पिछाडीवर असताना जमील यांनी बचाव मोडून सगळ्यांना पुढे लोटले नाही. संघाची ठेवण तीच राहिली, कडांनी येणारे चेंडू वाढले. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. बागानने चेन्नईला २-१ ने हरवले, ते व्यर्थ गेले. अंतिम तक्त्यात आयझॉलचे १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव आणि ३७ गुण. बागान ३६, ईस्ट बंगाल ३३.

देशातल्या पत्रकारांनी या संघाला लगेच ‘भारताचे लेस्टर’ करून टाकले. क्लॉडिओ रानिएरी यांनी लेस्टर सिटीला इंग्लिश प्रीमियर लीग जिंकून दिली त्याला तेव्हा वर्षच झाले होते, म्हणून उपमा हाताशी होती. ती अर्धवटच लागू पडते. लेस्टरने आदल्या वर्षी रेलिगेशन टाळले होते. आयझॉलला ते टाळता आले नव्हते. लेस्टरचा मालक थायलंडचा अब्जाधीश. आयझॉलचा मालक राज्यातला उद्योजक. आणि सगळ्यांत मोठा फरक जिंकल्यानंतरचा : लेस्टरला युरोपची दारे उघडी झाली, आयझॉलला आपल्याच देशाच्या नव्या लीगचे दार बंद मिळाले.

चमत्कार म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट चमत्काराची नाही, असे या नोंदीचे मत आहे. राज्यात पाच वर्षे नियमित लीग खेळून तयार झालेले खेळाडू आणि सात वर्षे तोट्यातला संघ तरता ठेवण्याचा सराव असलेला प्रशिक्षक, या दोन गोष्टी एकत्र आल्या. दोन्ही भारतीय फुटबॉलमध्ये दुर्मीळ आहेत, म्हणून निकाल चमत्कारासारखा दिसला. नशिबाचा वाटा होताच. गोव्याचे क्लब राहिले असते तर आयझॉल त्या हंगामात खेळलाच नसता.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर हा हंगाम लाजिरवाणा आहे. जमील यांना मोकळे करणारा मुंबई एफसी त्याच लीगमध्ये तळाला गेला आणि त्याने गाशा गुंडाळला. अभय मिळालेला डीएसके शिवाजियन्सही २०१७ मध्ये बंद झाला. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

विजेत्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. बंगळुरू एफसी आयएसएलमध्ये गेला, कारण त्याच्याकडे प्रवेशशुल्क भरण्याची ताकद होती. आयझॉलने अव्वल लीगमध्ये जागा मागितली, आंदोलनाचा इशाराही दिला. जागा मिळाली नाही. जानेवारी २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब अहानकडून ते १-३ ने हरले. तोवर विजेता संघ विखुरला होता. जयेश राणे कोलकात्याच्या एटीकेकडे, लालरुआथारा केरळ ब्लास्टर्सकडे (तिथे त्याला २०१७-१८ चा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला), तर अल आम्ना, चुलोवा आणि ब्रँडन ईस्ट बंगालकडे गेले.

ईस्ट बंगालमध्ये त्यांच्यासोबत स्वतः जमीलही होते. तिथे आणि नंतर मोहन बागानमध्ये त्यांचे फारसे जमले नाही. मितभाषी माणूस, पत्रकार परिषदेत दोन वाक्यांवर तिसरे बोलणार नाही. कोलकात्याला हा स्वभाव मानवणारा नव्हता, आणि बड्या संघाला तुटपुंज्या साधनांत तग धरण्याची विद्या नको असते. ती ज्यांना हवी होती तिथे ते पुन्हा उजळले. २०२०-२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर नॉर्थईस्ट युनायटेडची धुरा तात्पुरती हाती आली आणि त्यांनी संघाला आयएसएलच्या बाद फेरीत नेले. भारतीय मुख्य प्रशिक्षकाने हे प्रथमच केले. त्यानंतर जमशेदपूर एफसीला त्यांनी २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत आणि सुपर चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचवले. महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना २०२३-२४ आणि २०२४-२५ असा सलग दोनदा मिळाला.

१ ऑगस्ट २०२५ ला त्यांची राष्ट्रीय संघासाठी निवड जाहीर झाली. गोव्याचे सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी या पदावर भारतीय आला. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातील काफा नेशन्स चषकात, भारताने ताजिकिस्तानला २-१ ने हरवले आणि ओमानवर पेनल्टींमध्ये मात करून तिसरे स्थान घेतले. त्यानंतर मात्र मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला, २०२७ च्या आशियाई चषकाची संधी हुकली आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने हरवले.

आय-लीग जिंकल्याच्या बळावर आयएसएलमध्ये बढती मिळण्याची तरतूद पुढे झाली. तिचा पहिला लाभ २०२३ मध्ये पंजाब एफसीला मिळाला, आयझॉलच्या विजेतेपदानंतर सहा वर्षांनी.