दोन राजभाषांचं राज्य आपणही पाहिलंय!

जुन्या शहरात एका ओळखीच्या घरी परवा जुनी पेटी उघडली. त्यात एक आण्याचं नाणं निघालं. पंचम जॉर्जच्या काळचं, नागमोडी कडेचं. मागे इंग्रजीसोबत उर्दू, बंगाली, तेलुगू आणि नागरीत किंमत. नागरीत काय लिहिलंय? ‘एक आना’. म्हणजे हिंदी. मराठीतला ‘आणा’ नाहीच. (तसा आमच्या वऱ्हाडात ‘ण’ बोलतो कोण? माझे आबाजी शेवटपर्यंत ‘चार आने’च म्हणत. त्यांना ते नाणं आपलंच वाटत असणार!)

दोन भाषांच्या कारभाराचा मान नाण्यावर मिरवणारे देश जगात आहेत. कॅनडाचंच घ्या. तिथे १९३५ मध्ये इंग्रजी नोट वेगळी अन् फ्रेंच नोट वेगळी निघाली. १९३७ पासून एकाच नोटेवर दोन्ही भाषा आल्या. इंग्रजी-फ्रेंचला सारखा दर्जा देणारा राजभाषा कायदा झाला १९६९ साली.

आता आपलं ऐका. आपला अकोला जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश. त्या राज्यानं १९५० मध्येच कायदा करून हिंदी आणि मराठी या दोन राजभाषा ठरवल्या. कॅनडाच्या १९ वर्षं आधी! मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. कारभाराचे शब्द दोन्ही भाषांत चालावेत म्हणून डॉ. रघुवीर यांच्याकडून संस्कृतवरून नवे शब्द घडवून घेतले गेले. त्यातले कितीतरी आजही सरकारी कागदांवर आहेत.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. दर्जा सारखा असला तरी मराठी जिल्ह्यांना आपण धाकटे वाटायचोच. १९४७ चा अकोला करार उगाच नाही झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो. तेही द्विभाषिकच, फक्त हिंदीच्या जागी गुजराती. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला.

म्हणजे साठीच्या आधी जन्मलेला प्रत्येक अकोलेकर द्विभाषिक राज्यात जन्मला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून एवढा गदारोळ झाला, शासन निर्णय मागे घ्यावा लागला. पण हा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्या वऱ्हाडाला कोणी विचारलं का हो?

तुमच्या घरी त्या काळचा हिंदी-मराठी सरकारी कागद असेल, सातबारा असो की शाळेचा दाखला, तर फोटो कमेंटमध्ये टाका. नाव-गाव झाकून टाका म्हणजे झालं.