रेनॉल्ड्स, हरिभाऊ आणि माझी एक चूक

गेल्या आठवड्यात हिंजवडीहून बसने शहरात चाललो होतो. शेजारचा मुलगा मोबाईलवर कसलीशी रहस्यमालिका बघण्यात इतका गुंग, की त्याचा थांबा मागे गेला. मला रेनॉल्ड्स आठवला.

जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा इंग्लंडचा लेखक. १८४४ पासून त्याची लंडनमधील रहस्यांची कादंबरी दर आठवड्याला एका पेनीला आठ पाने अशी निघे. खून, तळघरे, खोटी मृत्युपत्रे, आणि भाग संपताना नायक हमखास संकटात! खपात तो डिकन्सलाही भारी पडे. पण हा माणूस नुसता गल्लाभरू नव्हता. कामगारांना मताधिकार मिळावा या मताचा तो होता, आणि १८४८ साली प्राप्तिकराविरुद्ध ट्रॅफल्गार चौकात भरलेल्या सभेचे अध्यक्षपद त्याने घेतले होते. तरीही प्रतिष्ठितांनी त्याला सवंगच ठरवले.

आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी मात्र त्याच्यावर उड्या टाकल्या. दातारशास्त्र्यांनी पुढे त्याची कथानके मराठी वेशात आणली. आणि हरिभाऊ आपटे? त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधाराने सुरू झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस. लंडनच्या रहस्यांचा साचा हाती होता, पण आत येऊन बसले पुणे. जुने सुटत नाही नि नवे पेलत नाही, अशा अवस्थेतले.

पुढे १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः दिली. आता ना खून, ना तळघर. घरातली एक मुलगी, यमू, आपली हकीगत सांगते. पण पुढच्या अंकाची वाट पाहायला लावण्याची हातोटी तीच. फरक एवढाच, की “खुनी कोण?” याऐवजी वाचक “यमूचे पुढे काय होणार?” म्हणून तळमळत राहिले. विधवेच्या हालांवरचे व्याख्यान किती जणांनी ऐकले असते? गोष्टीसाठी मात्र आठवडाभर थांबणारे निघाले.

हे सारे मी वर्गात शिकवले नाही. उलट एकदा मागच्या बाकावरच्या मुलाकडून बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा काढून घेतली, सगळ्यांसमोर बोललो, आणि पुस्तक कपाटात टाकले. तो पाठ्यपुस्तकही धड वाचत नसे. वाचायचा ते एवढेच. वर्ष संपेपर्यंत त्याच्या हातात दुसरे पुस्तक दिसले नाही. मी ते परत केले नाही, हेही आज कबूल करतो.

त्या वेळी त्याला विचारायला हवे होते, “पुढे काय झाले रे?” आणि मग हळूच हरिभाऊ हातात द्यायला हवे होते.

असो. आपल्या घरातले कोणी असले ‘फालतू’ वाचताना दिसले, तर मंडळी, निदान तो भाग संपू द्या.