विधानसभेतील प्रश्न आणि तुमची योजना : सरकारकडून उत्तर कसे मागितले जाते

निवृत्तिवेतन चार महिने जमा झाले नाही की लाभार्थी आधी बँकेत जातो. बँक तहसील कार्यालयात पाठवते आणि तहसीलमध्ये सांगतात, "निधी वरून आलेला नाही." हे 'वरून' म्हणजे नेमके कोण, पैसे कुठे अडले आणि ते कधी येणार, हे मंत्र्यांना अधिकृतपणे विचारण्याची जागा म्हणजे राज्याचे विधिमंडळ. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. त्यामुळे सभागृहात स्वीकारल्या गेलेल्या प्रश्नाला संबंधित मंत्र्याने उत्तर देणे बंधनकारक ठरते. ते उत्तर तारखेसह नोंदले जाते आणि कोणालाही वाचता येते.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा आहे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रथमच प्रश्न विचारता येऊ लागले आणि १९०९ मध्ये उपप्रश्नाची मुभा मिळाली. आज प्रत्येक राज्याच्या विधानसभेचे स्वतःचे कामकाज नियम आहेत. त्यामुळे मुदती, प्रश्नांची संख्या आणि काही आयुधांची नावे राज्यागणिक बदलतात, पण मूळ रचना सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

प्रश्नाचा प्रवास

आमदार लेखी सूचना देतात. विधिमंडळ सचिवालय ती नियमांत बसते का ते तपासते. विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो, तो न्यायप्रविष्ट नसावा आणि त्यात आरोप किंवा मतप्रदर्शन नसावे. स्वीकारलेला प्रश्न विभागाकडे जातो, विभागाकडून आयुक्तालयाकडे, तिथून जिल्हाधिकारी आणि तहसील कार्यालयाकडे. म्हणजे ज्या टेबलावर तुमची फाईल थांबली आहे, त्याच टेबलावर माहिती मागणारे पत्र येऊन पोचते. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत याला 'एलएक्यू' म्हणतात आणि अधिवेशनाच्या काळात त्याला बाकी टपालाच्या आधी हात लागतो. उत्तर तयार करताना अडलेले काम मार्गी लागणे ही अनेकदा दिसणारी गोष्ट आहे, मात्र ती हमी समजू नये.

प्रश्नांचे मुख्य प्रकार तीन. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. अल्पसूचना प्रश्न तातडीच्या बाबीसाठी असतो. तारांकित प्रश्नाची बातमी होते, म्हणून लोकांना तो मोठा वाटतो. लाभार्थ्यांच्या दृष्टीने अतारांकित प्रश्न बऱ्याचदा जास्त उपयोगाचा ठरतो, कारण तालुकानिहाय आकडे, प्रलंबित अर्जांची संख्या, निधी वितरणाच्या तारखा असे तक्ते लेखी उत्तरातच नीट येतात. शिवाय प्रश्नोत्तराचा तास एका तासाचाच असतो आणि यादीतल्या थोड्याच प्रश्नांपर्यंत चर्चा पोचते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. त्या विसांपैकीही सगळ्यांची पाळी येत नाही. गोंधळात तास वाया गेला तरी संसदेत तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर संसदेत प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची उत्तरे मिळत राहिली.

उत्तर कसे वाचावे

महाराष्ट्र विधानमंडळातील प्रश्नाची एक ठरलेली भाषा आहे. ती पहिल्यांदा वाचणाऱ्याला कोरडी वाटते, पण तिची सवय करून घेणे फायद्याचे आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेवरचा प्रश्न साधारण असा असतो (हा केवळ नमुना आहे) :

(१) अमुक तालुक्यातील निराधार योजनेच्या लाभार्थ्यांना मागील चार महिन्यांपासून अनुदान मिळाले नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, अशा लाभार्थ्यांची संख्या किती व अनुदान थांबण्याची कारणे काय आहेत;
(३) असल्यास, थकीत अनुदान अदा करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

उत्तरही याच क्रमाने येते. "होय" आले तर शासनाने वस्तुस्थिती मान्य केली आहे आणि ते पान जपून ठेवण्यासारखे आहे. "हे अंशतः खरे आहे" असे उत्तर असेल तर पुढचा परिच्छेद सावकाश वाचावा. कोणता अंश मान्य केला आणि कोणता नाही ते तिथेच असते. उदाहरणार्थ, अनुदान थांबले हे मान्य, पण कारण निधीचे नसून बँक खाते आधारशी जोडलेले नाही किंवा हयातीचा दाखला आलेला नाही, असे म्हटलेले असू शकते. मग पुढे काय करायचे हे स्पष्ट होते : ज्यांचे खाते जोडलेले आहे आणि दाखलाही दिलेला आहे, तरी पैसे नाहीत, अशांची वेगळी यादी काढायची.

"हे खरे नाही" या उत्तराने लोक निराश होतात. पण आधी प्रश्नाचे शब्द पाहावेत. प्रश्नात 'चार महिने' लिहिले आणि थकबाकी तीन महिन्यांची असेल, किंवा योजनेचे नाव चुकले असेल, तर विभागाला नकार देणे सोपे जाते. निराधार योजना, श्रावणबाळ योजना आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना या तिन्हींना गावात सर्रास 'पगार' म्हणतात. सभागृहात मात्र त्या तीन वेगळ्या योजना आहेत.

"प्रश्न उद्भवत नाही" याचा अर्थ उत्तर नाकारले असा नाही. आधीच्या भागाचे जे उत्तर दिले त्यामुळे या भागाला वेगळे उत्तर उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. "माहिती गोळा करण्यात येत आहे" आणि "तपासून कार्यवाही करण्यात येईल" ही वाक्ये मात्र अधोरेखित करून ठेवावीत. ती पुढे कामाला येतात.

राज्याला विचारायचे की केंद्राला

इथे सर्वाधिक प्रश्न वाया जातात. ज्या सरकारची जबाबदारी, त्याच सभागृहात प्रश्न. योजनेच्या नावात 'प्रधानमंत्री' किंवा 'मुख्यमंत्री' आहे एवढ्यावर जबाबदारी ठरत नाही.

एकाच शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये केंद्र सरकार देते. त्याबाबतच्या धोरणाचा प्रश्न खासदारांमार्फत संसदेत केंद्रीय कृषी मंत्र्यांना विचारला जातो. महाराष्ट्रात त्याच शेतकऱ्याला नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपये राज्य सरकारकडून मिळतात. त्याचा प्रश्न विधानसभेत किंवा विधानपरिषदेत. पण पीएम किसानचा हप्ता जमिनीच्या नोंदीची पडताळणी न झाल्याने अडला असेल, तर ते काम राज्याच्या यंत्रणेचे आहे आणि त्यावर राज्याच्या मंत्र्यांना विचारता येते.

रेशनचेही तसेच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ संसदेने केला आणि धान्य केंद्र देते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो हे प्रमाण ठरवणे राज्याच्या हातात नाही. लाभार्थी निवडणे, शिधापत्रिका देणे, दुकानावर धान्य पोचवणे आणि दुकानदारावर कारवाई करणे ही कामे राज्याची. "आमच्या गावात धान्य कमी मिळते" हा राज्याचा प्रश्न, "प्रमाण वाढवा" हा केंद्राचा.

वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० वर्षांपासून ५०० रुपये आहे. त्यावरची रक्कम राज्ये आपापल्या तिजोरीतून घालतात. म्हणूनच शेजारच्या राज्यात पेन्शन जास्त का, याचे उत्तर दिल्लीत मिळणार नाही. ते तुमच्या राज्याच्या अर्थसंकल्पात आहे.

मराठी भाषक लाभार्थी महाराष्ट्राबाहेर राहत असतील तर त्या राज्याचे सभागृह त्यांचे. बेळगावातील विधवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न कर्नाटक विधानसभेत विचारला जाईल, पणजीतल्या योजनेचा गोवा विधानसभेत. दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर या केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा आहेत, पण त्यांचे अधिकार राज्यांइतके नाहीत. दिल्लीत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे विषय विधानसभेच्या कायदा करण्याच्या कक्षेबाहेर आहेत. चंडीगड, लडाख, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांना विधानसभाच नाही. तिथल्या लोकांसाठी संसद हेच प्रश्न विचारण्याचे सभागृह आहे.

आमदारांकडे काय घेऊन जावे

सभागृह एका माणसाची फाईल सोडवण्यासाठी नसते. एका अर्जाचे काम तक्रार निवारण कक्ष, लोकशाही दिन किंवा अपील यांतून लवकर होते. प्रश्न तेव्हा बळकट होतो जेव्हा एकच अडचण अनेकांना आली आहे हे दाखवता येते. एका गावातील किंवा वॉर्डातील लाभार्थ्यांची यादी करा : योजना कोणती, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा, अर्ज किंवा तक्रार कोणत्या तारखेला दिली, पोच आहे का, कार्यालयाने काय सांगितले. चाळीस नावांची एक पानी यादी दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करते. तक्रारीची पोच मात्र हवीच. तोंडी तक्रारीबद्दल विभाग "अशी तक्रार प्राप्त नाही" असे उत्तर देऊ शकतो आणि ते खोटेही नसते.

आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा आजाराचा तपशील प्रश्नाच्या मजकुरात जाऊ देऊ नका. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सार्वजनिक होतात.

तुमचे आमदार मंत्री असतील तर ते स्वतः प्रश्न विचारत नाहीत, मंत्र्यांचे काम उत्तर देण्याचे. अशा वेळी दुसऱ्या मतदारसंघातील आमदारांना भेटता येते, कारण कोणताही सदस्य राज्यातल्या कोणत्याही भागाबद्दल विचारू शकतो. सत्ताधारी पक्षाचे सदस्यही प्रश्न विचारतात. महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या सहा राज्यांत विधानपरिषदही आहे, म्हणजे तिथे दुसरे दारही उघडे आहे.

वेळ महत्त्वाची आहे. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन मुंबईला किंवा नागपूरला गेलात तर त्या अधिवेशनातला तारांकित प्रश्न बहुधा हुकलेला असतो. महाराष्ट्रात वर्षाला सहसा तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. घटनेनुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असू शकत नाही. अधिवेशन सुरू असताना निकडीच्या सार्वजनिक बाबीवर सदस्य लक्षवेधी सूचना देऊ शकतात. तिच्यावर मंत्री निवेदन करतात आणि मग प्रश्न विचारले जातात. दिलेले उत्तर अपुरे वाटल्यास त्याच विषयावर अर्धा तास चर्चा मागता येते. विभागाच्या अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होण्याआधी कपात सूचना मांडून योजनेला पैसा कमी का पडला हेही विचारले जाते.

उत्तर मिळाल्यानंतर

मंत्र्यांनी सभागृहात "करू", "तपासू", "लवकरच वितरित करू" असे म्हटले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते. आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. संसदेत आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. राज्यांच्या मुदती त्यांच्या नियमांप्रमाणे. ही समिती लाभार्थ्यांना फारशी माहीत नसते, आणि खरे तर त्यांना तिचीच सर्वात जास्त गरज असते, कारण अधिवेशन संपल्यावर वर्तमानपत्रे विषय सोडून देतात. समिती सोडत नाही. आमदारांना विचारावे : हे उत्तर आश्वासन म्हणून नोंदले गेले का, आणि त्याची सद्यःस्थिती काय. मंत्र्यांनी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असे सदस्याला वाटल्यास हक्कभंगाची सूचना देता येते, पण ती क्वचितच वापरली जाते.

महाराष्ट्रात पंचायती राज समिती जिल्हा परिषदांच्या कामाची तपासणी करते आणि जिल्ह्यांत दौरेही करते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, तसेच महिला व बालकांच्या कल्याणासाठी स्वतंत्र समित्या आहेत. विनंती अर्ज समितीकडे नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत जाऊ शकतो.

उत्तराची प्रत आमदारांच्या कार्यालयातून मिळते. विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरांच्या याद्या प्रसिद्ध होतात. शोधताना योजनेचे पूर्ण अधिकृत नाव आणि जिल्ह्याचे नाव टाकावे. तुमच्याच अडचणीवर मागच्या अधिवेशनात दुसऱ्या जिल्ह्यासाठी उत्तर दिलेले सापडले, तर ती प्रत तहसील कार्यालयातील अर्जाला जोडा आणि अर्जात प्रश्न क्रमांक व तारीख लिहा. त्या उत्तराशी विसंगत कारण देऊन अर्ज परत केला गेला, तर कारण लेखी मागा. ते लेखी कारणच पुढच्या अधिवेशनातल्या प्रश्नाचा मजकूर होऊ शकते.