तिसऱ्या घंटेआधीचा अर्धा तास

नाटकाला आपण साधारण कधी पोहोचतो? तिसऱ्या घंटेच्या पाच-सात मिनिटं आधी. बटाटावडा घशाखाली ढकलायचा, मोबाईल सायलेंट करायचा आणि अंधारात पायऱ्या चाचपत खुर्ची शोधायची. परवाच्या रविवारी मात्र मी एका बातमीच्या कामासाठी दीड तास आधी पोहोचलो. उपनगरातलंच पालिकेचं एक नाट्यगृह. नाव घेत नाही, कारण हा प्रकार कुठल्याही नाट्यगृहात दिसेल.

दुपारचं नाटक सातला संपलं होतं, रात्रीचं साडेआठला होतं. एका विंगेतून आधीच्या नाटकाचा दिवाणखाना बाहेर चाललेला, दुसऱ्या विंगेतून पुढच्या नाटकाचं स्वयंपाकघर आत येत होतं. नेपथ्याची भिंत उभी राहीपर्यंत पावणेआठ झाले. मग लाईटवाले काका शिडी घेऊन चढले आणि वरून ओरडायला लागले, "सात नंबर दे!" खालून पोरगा म्हणाला, "काका, सात पेटतच नाहीये." "मग आठ दे, तो वळवतो." इतक्यात साऊंडवाल्यांचं हॅलो-हॅलो सुरू झालं, खाली कोणीतरी खिळे ठोकायला लागलं. सव्वाआठला पहिली घंटा झाली. म्हणजे त्या नाटकाच्या प्रकाशयोजनेला मिळाला अर्धा तास, तोही वाटून घेतलेला.

घरी आल्यावर जुनी पुस्तकं, कात्रणं काढून बसलो. प्रश्न एकच होता: रंगमंचावरच्या उजेडाला इतका कमी वेळ कधीपासून मिळायला लागला? कारण पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी म्हणजे अगदी पूर्वी तर प्रश्नच नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा उजेड म्हणजे तेल आणि वात. पात्र दिसलं पाहिजे, एवढंच त्या उजेडाचं काम. मी कणकवलीकडचा. आमच्याकडे दशावतारात राक्षस अंधारातून आरडाओरडा करत यायचा तेव्हा आजी मला पोटाशी धरायची. तोपर्यंत गॅसबत्ती आली होती, पण म्हातारे सांगायचे की मशालीच्या उजेडातला राक्षस जास्त भीतीदायक वाटायचा. ज्योत हलते, सावली हलते, आणि राक्षस आहे त्याच्या दुप्पट दिसतो. प्रकाशयोजनाच होती ती, फक्त तिला नाव नव्हतं. आता उपनगरातल्या मालवणी जत्रोत्सवात दशावतार होतो तो एलईडीच्या पांढऱ्याफटक उजेडात. राक्षसाच्या मिशीचा डिंकसुद्धा दिसतो.

१८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. साहेबाच्या पद्धतीचा पडदा आणि कमान असलेला रंगमंच मराठी नाटकाला तिथे भेटला. पुढे १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्या काळात जगभर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, नटाच्या पायाशी दिव्यांची ओळ असायची. या ओळीने नाटकाचं रूप ठरवून टाकलं. उजेड पुढे, अंधार मागे. म्हणून महत्त्वाचं पात्र पुढे येणार. संगीत नाटकातला गायक नट मधोमध पुढे येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून पद म्हणतो याला परंपरा वगैरे आपण म्हणतो. पण त्यात पायाशी असलेल्या दिव्यांचाही वाटा मोठा असणार, असं मला वाटतं. दोन पावलं मागे गेलं की चेहरा गेला! चेहऱ्यावर रंगाचा तो जाड थर का, तेही यावरून कळतं. खालून येणारा उजेड नाकाची सावली कपाळावर टाकतो आणि चांगला माणूस भुतासारखा दिसतो.

विजेची गोष्ट आगीशी जोडलेली आहे. ८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नातल्या रिंग थिएटरला गॅसच्या दिव्यांपायी आग लागली आणि शेकडो माणसं गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. मालकाने स्टेजवर येऊन, पेटलेला बल्ब कापडात गुंडाळून फोडून दाखवला, की बघा, आग लागत नाही. (वीज आली म्हणून नाट्यगृहं आगीतून सुटली असं काही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं.)

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते, पण ती कंपनी लवकरच बुडाली. आपल्या उपनगरांसाठी बीएसईएस कंपनी निघाली ती थेट १९२९ मध्ये. मुलुंड-भांडुपकरांचं विजेचं बिल आजही अंधेरी-बोरिवलीकरांपेक्षा वेगळ्या कंपनीचं येतं, त्याची मुळंही या तुकड्यातुकड्याने आलेल्या विजेत आहेत. पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

आता मूळ मुद्दा. किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व या नाटक मंडळ्या फिरत्या होत्या हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या फिरायच्या कशा? मुक्काम करून. एका गावात पोहोचल्या की नाट्यगृह ठरवून आठवडेच्या आठवडे राहायच्या. सगळं बिऱ्हाड बरोबर, अगदी आचाऱ्यासकट. पडदे एकदा टांगले की मुक्काम हलेपर्यंत तिथेच. आज काही चुकलं तर उद्या त्याच रंगमंचावर दुरुस्त करायची सोय होती. पु. श्री. काळ्यांसारख्या चित्रकाराने ललितकलादर्शसाठी रंगवलेले देखावे लोक टाळ्यांनी उचलून धरायचे, त्यामागे हा निवांतपणाही होता.

हा निवांतपणा बोलपटाने संपवला. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला. नाट्यगृहांच्या मालकांनी पडद्यावर पैसा बघितला आणि एकेक नाट्यगृह सिनेमाचं थिएटर झालं. १९३५ मध्ये तर खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले. मंडळ्या मोडल्या, मुक्काम मोडला. त्याच पडत्या काळात, १ जुलै १९३३ ला, नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. रंगवलेले पडदे बाजूला ठेवून खऱ्या घरासारखी खोली उभी केली. खोली आली म्हणजे खिडकी आली, आणि खिडकी आली की उजेड कुठून येतो हा प्रश्न आलाच. सकाळ आहे की संध्याकाळ? दिवा कुठे आहे? पडद्यावर रंगवलेल्या सूर्याला हे प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

म्हणजे प्रश्न विचारायची अक्कल आली तेव्हाच उत्तर शोधायची जागा हातातून गेली. मराठी नाटकाचं हे दुर्दैव मला कुठेच नीट मांडलेलं दिसलं नाही.

तुलनेसाठी कोलकाता बघा. तापस सेन हे नाव नाटकवाल्यांना माहीत असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. भारतातल्या प्रकाशयोजनेतला सगळ्यात मोठा माणूस. उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाताना आणि मजूर बुडताना दाखवले, फक्त प्रकाशातून. 'सेतू' नाटकात रंगमंचावर आगगाडी आणली, तीही प्रकाश आणि आवाजातून. लोक नाटकाइतकेच ती गाडी बघायला जायचे. तापस सेन म्हटलं की टाकाऊ डबे आणि साध्या बल्बच्या कथा सांगतात आणि 'जुगाड' म्हणून कौतुक करतात. पण दत्तांच्या मंडळींनी १९५९ मध्ये मिनर्व्हा थिएटर भाड्याने घेतलं होतं आणि 'अंगार' तिथेच होत राहिलं, हे कोणी सांगत नाही. दिवा ज्या जागी बांधला त्याच जागी उद्याही असणार होता. ते पाणी डब्यांनी चढवलं खरं, पण डबे कुठे ठेवायचे हे शोधायला रिकामं थिएटर हाताशी होतं.

आपल्याकडे काय झालं? आज शिवाजी मंदिर, उद्या पार्ल्याचं दीनानाथ, शनिवारी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, रविवारी दुपारी मुलुंडचं कालिदास आणि रात्री ठाण्याचं गडकरी. नाटक टेम्पोत. प्रत्येक ठिकाणी दिवे टांगायचे बार वेगळ्या उंचीवर, रंगमंचाची खोली वेगळी. त्यामुळे मराठी प्रकाशयोजनाकाराने एक वेगळंच कसब कमावलं: कमीत कमी दिव्यांत, कुठेही अर्ध्या तासात उभी राहील अशी योजना. समोरून सगळीकडे सारखा उजेड, दोन-चार ठिकाणी स्पॉट, खिडकीतून एक तिरपा झोत, मागच्या पडद्यावर निळा. हे कमी नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकं केली, ती तर मोजक्या दिव्यांवर. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला वेगळं बक्षीस असतं आणि त्या बक्षिसांतून कितीतरी माणसं पुढे आली. आज जाहिरातीत शीतल तळपदे, रवि-रसिक ही नावं आपण सवयीने वाचतो. 'संगीत देवबाभळी'त प्रफुल्ल दीक्षितांनी जे केलंय ते बघून आलेला प्रेक्षक घरी उजेडाबद्दल बोलतो. मराठीत असं क्वचित होतं.

आणि आपल्याच अंधेरीत अगदी उलटं चित्र एकदा दिसून गेलं. १ नोव्हेंबर १९९६, शहाजीराजे क्रीडा संकुल, मायकल जॅक्सन. मी तेव्हा कणकवलीत अकरावीला, पेपरातले फोटो बघत होतो. रंगमंचाचं सामान मालवाहू विमानांतून आलं होतं, ही बातमी आम्हाला गाण्यांपेक्षा मोठी वाटली. त्या कार्यक्रमाला दिलेल्या करमणूक शुल्काच्या सवलतीवरून मुंबई ग्राहक पंचायत हायकोर्टात गेली, आणि सुमारे ३ कोटी ३४ लाखांच्या त्या माफीचा निर्णय मंत्रिमंडळाने शेवटी जानेवारी २०२१ मध्ये घेतला. आपल्या आठवणीत हा वादच राहिला. पण प्रकाशाच्या दृष्टीने बघा: स्वतःभोवती फिरणारे, रंग बदलणारे, लांबून चालवता येणारे दिवे १९८१ मध्ये पहिल्यांदा एका रॉक बँडच्या दौऱ्यात वापरले गेले होते. पंधरा वर्षांत ते अंधेरीत पोहोचले. असा एका संध्याकाळचा खेळ उभा करायला किती दिवस मैदान अडवावं लागतं, हे मांडव घालणाऱ्या कोणालाही विचारा.

आज तेच दिवे नवरात्रीच्या दांडियाला भाड्याने मिळतात. १००० वॉटच्या दिव्याचं काम २०० वॉटचा एलईडी करतो. सगळे दिवे डीएमएक्स नावाच्या १९८६ च्या एका पद्धतीवर चालतात, एका तारेतून ५१२ सूचना. सामान स्वस्त झालं, चालवायची अक्कल मात्र मागेच राहिली. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर लेझरमुळे डोळे गेलेली तरुण मुलं डॉक्टरांकडे आली, ती याचीच फळं.

मग नवीन यंत्राने नाट्यगृहातला तो अर्धा तास वाचतो का? मी काकांना हेच विचारलं. ते म्हणाले, "साहेब, कुठला दिवा कधी लावायचा ते पेन ड्राईव्हवर आहे. पण दिवा कुठे बघतोय ते पेन ड्राईव्हला कुठे माहीत? ते शिडीवरच." फिरते दिवे घेतले तर शिडी वाचेल, पण त्यांचं रोजचं भाडं निर्मात्याला परवडत नाही.

पालिकेकडे माझी मागणी छोटी आहे. सोमवार ते गुरुवार सकाळी आपली नाट्यगृहं बऱ्याचदा कुलूप लावून पडलेली असतात. नवीन नाटकाला आणि स्पर्धेच्या संघांना त्यातली एक सकाळ फक्त तांत्रिक तालमीसाठी, नाममात्र भाड्यात द्या. आणि रविवारी तीन प्रयोग लावताना मधलं अंतर निदान दोन तासांचं ठेवा. उत्पन्न बुडेल म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शिडीखाली उभं राहून बघावं.

त्या रात्री शेवटचा प्रवेश संध्याकाळचा होता. आई खिडकीत बसते आणि तिच्यावर उजेड उतरत जातो, असं नाटकात होतं. वळवलेल्या आठ नंबरचा झोत तिच्या चेहऱ्यावर न पडता खांद्यावर पडला. मला पुढच्या रांगेतून ते दिसलं. त्या बाईंनाही कळलं असावं, कारण वाक्य न तोडता त्या खुर्चीतच वीतभर सरकल्या आणि उजेडात आल्या.

प्रयोग संपल्यावर काका परत शिडीवर. दहा वाजून गेले तर पनवेलची गाडी चुकेल म्हणून टेम्पोवाला खाली भुणभुण करत होता, आणि दहा कधीच वाजून गेले होते.