वृक्षतोड, नांदेड–लातूर भागातील
वृक्षतोड, नांदेड–लातूर भागातील : नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील जिल्हे परस्परांना लागून असले, तरी वृक्षसंपत्तीच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील किनवट व माहूर हे तालुके पानझडी सागवनांचे असून, पैनगंगेच्या खोऱ्यातील त्या वनांचा काही भाग आता अभयारण्यात मोडतो. लातूर जिल्हा (१९८२ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे विद्यमान धाराशिव, जिल्ह्यातून वेगळा केलेला) बालाघाटच्या पठारावर वसलेला असून त्याच्या एकूण क्षेत्राच्या एक टक्काही भूमी वनाखाली नाही. तेथील झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, विहिरीजवळचा आंबा, गावाकडेचा कडुनिंब आणि रस्त्यालगतची चिंच वा वड. त्यामुळे या भागातील वृक्षतोडीचा इतिहास दुहेरी आहे : एक वनखात्याच्या कुपांचा, दुसरा शेताच्या बांधाचा. हत्यारे मात्र दोन्ही ठिकाणी दीर्घकाळ एकच होती.

हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. किनवटचा भाग त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला. गोंड, कोलाम, परधान व आंध या जमाती येथील जुन्या रहिवासी होत. राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा झाड तोडून तेथे पेरणी करण्याची डोंगराळ भागातील रीत गुन्हा ठरली आणि सरपण, वासे, नांगराचे लाकूड यांसाठीही परवानगीची गरज पडू लागली. जमीन व वनहक्क यांवरून आदिलाबाद जिल्ह्यात गोंडांचा जो उठाव झाला, त्याचे नेते कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर संस्थानाने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या स्थितीची पाहणी करवून घेतली. झाड कोणी तोडावे, हा प्रश्न ते कशाने तोडावे याच्या आधीचा आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. पुढे १३५५ फसलीचा (१९४५-४६) हैदराबाद वन कायदा आला.

कुपातील तोडीची पद्धत ठरलेली असे. तोडावयाच्या झाडांवर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी उमटवीत. साग तोडल्यानंतर बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून बुंधा जमिनीलगत, गुळगुळीत व पाणी न साचेल असा किंचित उतरता राखावा, असा दंडक होता. पानगळीनंतर सुरू झालेली तोड पावसाळ्यापूर्वी उरकीत. कुऱ्हाडीने काम करणारा कसबी माणूस पडण्याच्या बाजूस खाली एक खाच घेई व विरुद्ध बाजूस थोडे वर घाव घाली. मधले लाकूड बिजागरीप्रमाणे काम करून झाड हव्या त्या दिशेस लवत असे. जाड ओंडके दोन माणसांनी ओढावयाच्या करवतीने कापले जात. काम मंद असल्याने झाडाचा करकर आवाज ऐकून बाजूस सरण्यास वेळ मिळे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते थोरल्याबरोबर काम करून धाकट्याकडे येई. लातूरकडे हेच कसब बाभळीवर चाले. तिच्या चिवट लाकडापासून बैलगाडीचे व औतांचे भाग होत. माळवदाच्या घरांनाही खांब व तुळया लागत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींची जड माळवदे कोसळून फार मोठी प्राणहानी झाली. पुनर्वसनाच्या बांधकामात काँक्रीटचा वापर वाढला व घरबांधणीतील लाकडाचे स्थान घटले.

साखळी करवतीचा उगम वनात नव्हे, तर शस्त्रक्रियागृहात आढळतो. जर्मन वैद्य बेर्नहार्ट हाइन यांनी १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी दातेरी साखळीचे हातयंत्र बनविले. लाकडासाठी आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. आरंभीची यंत्रे दोन माणसांनी उचलावयाची होती. अमेरिकेत ऑरेगन येथील जोझेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीच्या जबड्यांवरून साखळीच्या दात्यांची नवी रचना सुचविली (१९४७). तिचेच सुधारित रूप आज सर्वत्र प्रचलित आहे. १९७० नंतरच्या दशकात साखळी क्षणार्धात थांबविणाऱ्या गतिरोधकाची जोड मिळाली.

गेल्या काही दशकांत हे यंत्र मराठवाड्याच्या बाजारपेठांत सहज मिळू लागले. गावोगाव त्यास नुसते ‘कटर’ म्हणतात. ठेकेदाराची टोळी आता बांधावरची बाभूळ अर्ध्या तासात आडवी करून वखारीकडे रवाना करते. तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ या महामार्गाच्या रुंदीकरणात कडेची जुनी झाडेही गेली. यंत्र आले, थोरल्याकडून धाकट्याकडे येणारी शिकवण मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

तोडीचे तत्त्व कुऱ्हाडीच्या वेळचेच आहे. खोडाच्या व्यासाच्या सुमारे चौथा हिस्सा खोल खाच पडण्याच्या बाजूस घेतात. मागील काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घेऊन, व्यासाच्या दहाव्या हिस्स्याइतकी लाकडाची पट्टी मध्ये न कापता सोडतात. ही पट्टीच झाडाला दिशा देते. उत्साहाच्या भरात ती आरपार कापली गेली, की झाड कोठेही पडते. साखळीचा वेग सेकंदास २० मीटर वा अधिक असतो व पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला, तर करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते; म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांनी अंगठा वळवून पकड घ्यावी व यंत्र खांद्यावर नेऊ नये. तोड सुरू करण्यापूर्वी मागे तिरकी पळवाट साफ करावी, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात इतर कोणी नसावे. सरपण वेचणारी बाया-मुले नेमकी तेथेच घुटमळतात, हे येथे विशेष सांगितले पाहिजे. बांधावरची बाभूळ बहुधा एकीकडे कललेली असते. कललेले खोड मागून कापताना मधोमध उभे चिरते व चिरलेला भाग मागे उडतो. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांस संरक्षण आणि साखळी अडविणाऱ्या धाग्यांची विजार ही साधने सांगितली जातात. परंतु वैशाखाच्या उन्हात आणि रोजंदारीवर ती क्वचितच दिसतात. यंत्राच्या कंपनांनी बोटांतील रक्ताभिसरण बिघडून ती पांढरी व बधिर होतात, हा विकार सावकाश येतो.

कायद्याची दृष्टी झाडावर आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, मोह, आंबा, चिंच, खैर, चंदन इ. अनुसूचित झाडे खाजगी जमिनीवरही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनभूमीचा इतर कारणांसाठी वापर केंद्राच्या संमतीवर सोपविला, तर १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वनांतील तोड मान्य कार्य-आयोजनेपुरती सीमित केली. १९६४ च्या अधिनियमात मात्र तोडणाऱ्याच्या हातात कोणते हत्यार आहे व ते त्यास चालविता येते की नाही, याचा विचार नाही. परवान्यावर झाडाची जात व संख्या येते; मजुराचे शिक्षण येत नाही.

वळवाच्या वादळानंतर रस्त्यावर आडवी झालेली झाडे कापणे हे या कामातील सर्वांत फसवे. उन्मळलेले खोड व फांद्या ताणलेल्या असतात. दाबाखालील बाजूने कापू लागल्यास पट्टी अडकते, म्हणून तेथे आधी उथळ काप घेऊन मग ताणाखालील बाजूने काम पुरे करतात. मुळांसह उपटलेल्या झाडाचे खोड बुंध्याजवळ तोडताच मातीसह मुळांचा चक्क्यासारखा भाग एकाएकी परत खड्ड्यात उभा बसू शकतो. त्या खड्ड्यात किंवा त्याच्या पाठीशी कोणीही उभे राहता कामा नये.