खानदेशचा 'रवानदेश' कसा झाला?

परवा रावेरहून निघालेल्या केळीच्या ट्रकमागे आमची गाडी होती. ट्रकवर पिवळ्या जाडजूड अक्षरांत काय लिहिलेलं? 'रवानदेश'. मित्र म्हणाला, अरे, 'खानदेश' आहे ते! आजचा भाग तिथूनच सुचला.

ही जाड अक्षरं आली कुठून? लंडनहून. कारखान्यांचा माल वाढला, भिंतीभर जाहिराती लागल्या, आणि पुस्तकातलं नाजूक अक्षर रस्त्यावरून दिसेना. मग 1817 च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने नवा टाइप आणला. सगळ्या रेघा जवळपास सारख्याच जाड, टोकाला विटेसारखा ठोकळा. आज आपण त्याला स्लॅब सेरिफ म्हणतो. तेव्हा इजिप्तची फॅशन होती, म्हणून 'इजिप्शियन' असंही नाव पडलं. अक्षरांचा इजिप्तशी संबंध शून्य! पोस्टरएवढी अक्षरं शिशात फार जड व्हायची. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने ती यंत्राने लाकडात कोरायला घेतली.

आता आपलं बघा. इंग्रजी एचला फुगायला जागा आहे. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेघ आधीच बसलेली, तिच्यावर वेलांट्या, खाली उकार, पोटात गाठी. रेघ जाड केली की आतली पांढरी जागा मरते. 'भ' आणि 'ध' यांच्या शिरोरेघेत एक बारीक फट असते ना? ती बुजली की 'भ'चा 'म', 'ध'चा 'घ'. म्हणजे भुसावळचं मुसावळ!

मुंबईत जावजी दादाजींनी पोरवयात अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टाइप घासले आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे जोडीदार राणोजी रावजी आरू पोलादावर ही अक्षरं कोरायचे, तीही उलटी. विचार करा, तांदळाएवढ्या जागेत ती फट राखायची! त्या टाइपाचं नाव देशभर झालं. पण ती पोथी-पुस्तकाची अक्षरं. दुकानाच्या पाटीवरचं जाड अक्षर आपल्याकडे मुख्यतः पेंटरच्या ब्रशने घडवलं, आणि माझ्या मते तो इतिहास कोणी नीट लिहिलेलाच नाही.

'ख'चं दुखणं जुनंच. 1966 च्या प्रमाण देवनागरीत त्यावर साधा इलाज आहे: 'र'ची शेपटी खालून 'व'ला जोडायची. जाड अक्षरात तर हा जोड हवाच.

आणि मुंबईच्या 'एक टाइप' गटाचा 'मोदक' फॉन्ट बघितलाय? मोदकासारखाच गुबगुबीत. पोटातली पांढरी जागा नुसत्या चिरेएवढी, तरी मोठ्या आकारात वाचता येतो. कारण ती चीर कुठे ठेवायची ते विचार करून ठरवलंय. फ्लेक्सवाले मात्र साधा फॉन्ट घेतात, भोवती जाड बॉर्डर चढवतात, आणि पहिली बुजते ती हीच चीर.

हां, ट्रकवाला पुढे ढाब्यावर भेटला. पाटी दाखवली तर हसून म्हणाला, "भाऊ, रव्याचा धंदा नाही आपला, केळीचा आहे. दिवाळीला रंग मारीन तेव्हा जोडून घेतो."