आयसोफेरोप्लॅटिनम

खनिज. प्लॅटिनम व लोह यांची नैसर्गिक मिश्रधातू. रा. सं. प्लॅटिनमच्या तीन अणूंमागे लोहाचा एक अणू. आदर्श संघटनात वजनाने प्लॅटिनम ९१.३ टक्के व लोह ८.७ टक्के. स्फटिक घनीय, बहुधा अनियमित कण व गोटे, क्वचित सुघटित घन. जुळे स्फटिक आढळतात. पाटन नाही. वर्धनीय. नैसर्गिक प्लॅटिनमपेक्षा कठीण. रंग रुपेरी पांढरा ते पोलादी करडा. चमक धातूसारखी. अपारदर्शक. वि. गु. गणनेने सुमारे १८.४, प्रत्यक्ष मोजलेले मूल्य बहुधा याहून कमी भरते. कणांतील पोकळ्या, परकीय खनिजांचे समावेश आणि तांबे, निकेल यांसारख्या हलक्या धातू ही त्याची कारणे होत. अम्लराजात विरघळते.

इतिहास : या खनिजाला स्वतंत्र नाव मिळाले ते १९७५ मध्ये; पण माणसाच्या हाताखालून ते त्याआधी कित्येक शतके जात होते. कोलंबियातील चोको प्रांतात सोन्यासाठी वाळू धुताना तळाशी जड, पांढरे कण उरत. स्पॅनिश अधिकारी आंतोनियो दे उयोआ यांनी १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात त्यांचा उल्लेख केला आणि यूरोपीय रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वळले. रशियात उरल पर्वतातील सोन्याच्या वाळूत असे कण १८१९ मध्ये सापडले आणि काही वर्षांतच देमिदोव्ह घराण्याच्या नीझ्नी तागील येथील मालमत्तेत प्लॅटिनमचे समृद्ध साठे हाती लागले. अर्थमंत्री कांक्रीन यांच्या पुढाकाराने १८२८ पासून तीन रूबलची प्लॅटिनमची नाणी पाडण्यात आली. पुढे सहा व बारा रूबलची नाणीही निघाली. हे चलन १८४५ मध्ये बंद झाले.

नाण्यांसाठी कच्चे प्लॅटिनम शुद्ध करावे लागे. प्योत्र सोबोलेव्हस्की यांच्या पद्धतीत ते अम्लराजात विरघळवून नवसागराने पिवळा साका पाडीत, तो तापवून स्पंजासारखी धातू मिळवीत आणि ती साच्यात दाबून व तापवून घट्ट करीत. या शुद्धीकरणात जे वेगळे काढावे लागे त्यात लोहाचा वाटा मोठा होता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांच्या विश्लेषणांत उरलच्या कच्च्या प्लॅटिनममध्ये वजनाने एक दशांशाच्या आसपास लोह निघाले. कझान येथे कार्ल क्लाउस यांनी १८४४ मध्ये रूथेनियम हे मूलद्रव्य शोधले, तेही उरलच्या याच कच्च्या मालाच्या अवशेषांतून. जुन्या ग्रंथांत अशा लोहयुक्त प्लॅटिनमला पॉलिक्सीन, फेरोप्लॅटिनम अशी नावे आढळतात. ती सैलपणे वापरलेली असल्याने त्यांवरून नेमके कोणते खनिज अभिप्रेत होते हे ठरवता येत नाही.

स्फटिकरचना : शुद्ध प्लॅटिनममध्ये घनाकार एकक कोशिकेच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यांवर अणू असतात. लोह त्यात शिरले की दोन शक्यता उद्भवतात. लोहाचे अणू कोणत्याही जागी, काही नियम न पाळता बसले तर मांडणी अव्यवस्थित राहते आणि कोशिकेचा प्रकार शुद्ध प्लॅटिनमचाच राहतो. लोहाने कोपरे आणि प्लॅटिनमने पृष्ठमध्य धरले, तर व्यवस्थित मांडणी तयार होते. हेच आयसोफेरोप्लॅटिनम. त्याच्या कोशिकेची बाजू सुमारे ३.८६ ऑंगस्ट्रॉम असते. शुद्ध प्लॅटिनममध्ये ती ३.९२ ऑंगस्ट्रॉम असते. तांब्याचा एक व सोन्याचे तीन किंवा सोन्याचा एक व तांब्याचे तीन अणू असलेल्या मिश्रधातूंतही अशीच मांडणी मिळते. कथील-प्लॅटिनमचे रस्टेनबर्गाइट आणि शिसे-पॅलॅडियमचे झ्व्यागिन्त्सेव्हाइट ही खनिजे याच रचनेची आहेत. इरिडियमचे समरूप खनिज चेंगडेआइट चीनमध्ये सापडले.

प्रयोगशाळेत ही मिश्रधातू सुमारे १,३५०° से. च्या वर अव्यवस्थित असते. त्याखाली सावकाश थंड होताना अणू आपापल्या जागी लागतात. थंड होण्याचा वेग आणि लोहाचे प्रमाण यांवर व्यवस्था किती पूर्ण होते हे अवलंबून असते.

वर्गीकरण : आज वापरात असलेली विभागणी कॅनडाचे लुई कॅब्री व त्यांचे सहकारी फेदर यांनी १९७५ मध्ये, नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही मिश्रधातूंच्या अभ्यासावरून मांडली. तिचा सारांश असा :

(१) नैसर्गिक प्लॅटिनम : लोह २० अणु टक्क्यांपेक्षा कमी, मांडणी अव्यवस्थित.
(२) लोहयुक्त प्लॅटिनम : लोह २० ते ५० अणु टक्के, मांडणी अव्यवस्थित. हा प्लॅटिनमचाच प्रकार मानतात.
(३) आयसोफेरोप्लॅटिनम : लोह सुमारे २५ ते ३५ अणु टक्के, मांडणी व्यवस्थित, घनीय.
(४) टेट्राफेरोप्लॅटिनम : लोह ५० अणु टक्क्यांच्या आसपास, मांडणी व्यवस्थित, चतुष्कोणीय. यात प्लॅटिनमचे व लोहाचे थर आळीपाळीने येतात.

टेट्राफेरोप्लॅटिनममध्ये निम्म्या लोहाची जागा तांब्याने घेतली की ट्यूलामीनाइट आणि निकेलने घेतली की फेरोनिकेलप्लॅटिनम होते. कॅब्री यांच्या सन्मानार्थ पॅलॅडियम, कथील व तांबे यांच्या एका खनिजाला कॅब्रिआइट हे नाव देण्यात आले आहे.

या विभागणीतील (२) व (३) यांच्या मर्यादा एकमेकींवर येतात, आणि या खनिजाच्या अभ्यासातील खरी अडचण इथेच आहे. समजा, एका कणाच्या विश्लेषणात वजनाने ९० टक्के प्लॅटिनम व १० टक्के लोह मिळाले. अणुभारांनी भागून हिशेब केला की लोह २८ अणु टक्के येते. एवढ्यावरून तो कण आयसोफेरोप्लॅटिनम आहे की अव्यवस्थित लोहयुक्त प्लॅटिनम, हे कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन करावे लागते. अव्यवस्थित मांडणीत ज्या परावर्तनांचे तिन्ही निर्देशांक सम किंवा तिन्ही विषम तीच दिसतात. व्यवस्थित मांडणीत मिश्र निर्देशांकांची जादा, फिकट परावर्तने उमटतात. कण बहुधा मिलिमीटरच्या अंशाएवढे असतात आणि चकचकीत केलेल्या छेदात रुतलेले असतात. ते खणून काढून विवर्तन घेण्याचे काम किचकट असते. त्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबचे आकडे तीनास एक या प्रमाणाजवळ आले की आयसोफेरोप्लॅटिनम असे लिहून टाकण्याचा प्रघात पडला. ज्या कणांचे विवर्तन घेतले गेले, त्यांतील काही अव्यवस्थित निघाले. म्हणून अनेक अभ्यासक अशा वेळी ‘प्लॅटिनम-लोह मिश्रधातू’ एवढेच म्हणतात.

प्रकाशीय गुणधर्म : परावर्तित प्रकाशात पांढरे, किंचित साईच्या छटेचे, परावर्तनक्षमता बरीच, समदिक्. नुसते सूक्ष्मदर्शकातून पाहून ते नैसर्गिक प्लॅटिनमपासून वेगळे ओळखता येत नाही. टेट्राफेरोप्लॅटिनम मात्र असमदिक् असते.

चुंबकीय गुणधर्म : आदर्श संघटनाचे, पूर्ण व्यवस्थित आयसोफेरोप्लॅटिनम सामान्य तापमानाला लोहचुंबकाप्रमाणे वागत नाही, सुमारे −१००° से. च्या खाली ते प्रतिलोहचुंबकीय होते. त्याच संघटनाची अव्यवस्थित मिश्रधातू मात्र सामान्य तापमानाला लोहचुंबकीय असते. व्यवस्थित मिश्रधातू ठोकून विरूप केली तरी तिच्यात लोहचुंबकत्व येते. म्हणजे रसायन तेच राहून केवळ अणूंच्या जागा बदलल्याने गुण पालटतो. उरलच्या धुणाऱ्यांनी कच्च्या प्लॅटिनमचे चुंबकाला चिकटणारे व न चिकटणारे असे दोन भाग केले होते. हा भेद उपयोगी असला तरी केवळ त्यावरून खनिज ठरवणे योग्य नाही, कारण मॅग्नेटाइटच्या समावेशांनीही कण चुंबकाकडे ओढला जातो.

आढळ : मूळ नमुने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, ट्यूलामीन परिसरात मिळाले. ट्यूलामीन, उरल व अलास्का येथील अत्यल्पसिकत (सिलिकेचे प्रमाण अत्यंत कमी असणाऱ्या) खडकांच्या संकुलांत गाभ्याशी ड्यूनाइट व भोवती पायरोक्सिनाइट अशी वलये असतात. त्यांतील ड्यूनाइटमध्ये क्रोमाइटच्या पुंजक्यांसोबत प्लॅटिनम-लोह मिश्रधातू सापडतात. कणांत ऑस्मियम व इरिडियमच्या मिश्रधातूंचे आणि लॉराइट या रूथेनियमच्या सल्फाइडाचे समावेश असतात. कडेने ट्यूलामीनाइट व टेट्राफेरोप्लॅटिनम यांची किनार असणे ही नेहमीची गोष्ट होय. खडकाचे सर्पेंटाइनीभवन होताना कमी तापमानाला ती तयार होते.

रशियाच्या खाबारोव्स्क प्रदेशातील कोंद्योर येथील स्फटिक या खनिजाचे सर्वांत देखणे नमुने मानले जातात. सुमारे आठ किलोमीटर व्यासाचा वर्तुळाकार डोंगर आणि त्याच्या पोटातून निघणारा प्रवाह अशी ही जागा आहे. प्रवाहाच्या गाळात ठसठशीत घन मिळतात. बरेच एकमेकांत घुसलेले जुळे असतात आणि काहींवर सोन्याचा पातळ थर चढलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड संकुलात मेरेन्स्की थर व ओनफरवाख्त येथील ड्यूनाइटाचा नळ या दोन्ही ठिकाणी प्लॅटिनम-लोह मिश्रधातू आहेत. इथिओपियातील युब्दो, अलास्कातील गुडन्यूज बे आणि चोको येथील गाळांतही त्या मिळतात.

भारतात प्लॅटिनम गटातील धातूंच्या नोंदी ओडिशातील बौला-नुआसाही, कर्नाटकातील हनुमलापूर व तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथून आहेत.

उत्पत्ती : शिलारसात गंधक कमी असल्यास प्लॅटिनम सल्फाइडांत न जाता लोहाशी मिश्रधातू बनवते. शिलारसातील ऑक्सिजनची क्रियाशीलता जितकी कमी, तितके मिश्रधातूत लोह अधिक. गाळातील गोटे मूळ खडकातील कणांपेक्षा कित्येकदा मोठे असतात. ते खडकातूनच सुटून आले की जमिनीत वा गाळात वाढले, यावर दीर्घकाळ मतभेद आहेत. समावेशांचा पुरावा बहुतेक ठिकाणी पहिल्या मताला पोषक आहे.

उपयोग : प्लॅटिनमचे धातुक. कोंद्योरच्या स्फटिकांना संग्राहकांकडून मागणी असते. टेट्राफेरोप्लॅटिनमच्या रचनेची कृत्रिम मिश्रधातू उष्णतेच्या साहाय्याने नोंद करणाऱ्या हार्ड डिस्कच्या थरात वापरतात.

नमुन्यांच्या नोंदी : संग्रहालयांतील व अहवालांतील आयसोफेरोप्लॅटिनमच्या पुष्कळ नोंदी केवळ रासायनिक विश्लेषणावर उभ्या आहेत. विवर्तनाचा आधार नसेल, तर अशी नोंद प्लॅटिनम-लोह मिश्रधातूची समजावी, आणि नव्या नमुन्याचे वर्णन करणाऱ्याने ओळख कोणत्या पद्धतीने पटवली ते सोबत लिहावे.